गुरुवारची हूल

"मोडा," खांबेटे सर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी हाताची घडी घातली. "एक तास आहे. मोडून दाखवा."

पडद्यावर एक सुळका उभा होता. सरळ चाललेली रेघ, मध्येच एकदम वर गेलेला सुळका, आणि पुन्हा सरळ रेघ. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळात आमच्या उपग्रहावर आभाळातून कुठूनतरी गॅमा किरणांचा एक फटकारा बसून गेला होता. एरवी आमच्या पडद्यावर काही म्हणजे काही होत नसे. त्या रेघेकडे बघत बसून माझे केस पिकतील असं मी आईला फोनवर नेहमी सांगायची.

गुरुवारची सकाळ होती. खोलीत आम्ही तिघंच होतो. खांबेटे सर, त्यांची शेवटची विद्यार्थिनी म्हणजे मी, वृंदा साळवी, आणि मागच्या टेबलाशी नसीमाताई मुल्ला. नसीमाताई मिरजेच्या. उपग्रहाकडून आलेली सगळी माहिती आधी त्यांच्या हाताखालून जायची आणि मग आमच्याकडे यायची. त्या आठवड्याची पाळी खरं तर कुलदीपची होती, पण तो बहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेला होता. त्याच्या जागी सर स्वतः पाळीला बसले होते. एवढ्या मोठ्या माणसाने पोरासोरांची पाळी करायची म्हणजे काय, असं मी म्हणाले तर मला म्हणाले, "मोठा म्हणून घरी बसू का? पगार तर लहानाइतकाच उरलाय."

'मोडणं' हा सरांचा नियम होता. यंत्रात काहीही दिसलं तरी 'सापडलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तासभर सगळ्यांनी मिळून त्याच्या जिवावर उठायचं. सूर्याचा खोडसाळपणा असेल, पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्यातून उपग्रह गेला असेल, यंत्रातच कुठेतरी ठिणगी पडली असेल. जे जे सुचेल ते काढून त्या सुळक्याला खोटा पाडायचा. तासाभरानेही तो उभाच राहिला तर मग तो खरा.

"सूर्य?" सरांनी विचारलं.

"सूर्य तेव्हा पृथ्वीच्या आड होता, सर."

"कणांचा पट्टा?"

"उपग्रह तिथे पोचायला अजून वेळ होता."

"आणि आमच्या डब्यातच काही तडतडलं असेल तर? नसीमा?"

"नाही सर," नसीमाताई चष्मा वर करत म्हणाल्या. "शेजारच्या दोन्ही यंत्रांचं सुरळीत चाललंय. वीज कुठं हललेली नाही. तुमच्या डब्याला उगाच नावं ठेवू नका."

'डबा' म्हणजे सरांचं यंत्र. उपग्रहावर तीन यंत्रं होती. दोन मोठी आणि मानाची, आणि हे तिसरं कोपऱ्यात बसवलेलं, दिसायला थेट जेवणाच्या डब्यासारखं. आत स्फटिक होते, गॅमा किरण आदळला की क्षणभर चमकणारे. ते स्फटिक सरांनी स्वतः घासूनपुसून बसवले होते आणि यंत्र तयार झाल्यावर विमानात ते सामानात द्यायला नकार देऊन सबंध प्रवासात मांडीवर धरलं होतं. डबा आभाळात गेल्याला दोन वर्षं झाली होती. तो ज्यासाठी बांधला होता ते त्याला एकदाही दिसलं नव्हतं. आणि आता उपग्रहाची बॅटरी म्हातारी झाली होती. तिन्ही यंत्रांना पुरेल एवढी वीज उरली नव्हती, त्यामुळे एक बंद करायचं होतं. कुठलं, ते ठरवायला बाहेरून समिती येणार होती आणि तिची बैठक शुक्रवारी दुपारी होती. डब्याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अशा वेळी हा सुळका आला होता. सरांच्या कपाळावरची शीर उडत होती, पण आवाज मात्र त्यांनी मुठीत धरून ठेवला होता. मीही जोर लावून मोडत होते, निदान तसं दाखवत होते. कारण तो सुळका कुठून आला हे मला ठाऊक होतं. तो मीच टाकला होता.

आमच्याकडे हूल टाकायची पद्धत होती. रोज रोज सरळ रेघ बघून माणूस पेंगायला लागतो. खरं काही आलं तरी नजरेतून निसटायचं. म्हणून दर काही महिन्यांनी नसीमाताई स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक उचलायला लावायच्या. ज्याच्या चिठ्ठीवर ठिपका, त्याने हूल टाकायची, म्हणजे आलेल्या माहितीत एक खोटा सुळका मिसळायचा. कुणालाही सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. टाकणाऱ्याने फक्त दिवस निवडायचा. कुठल्या क्षणी, किती मोठा, कुठल्या दिशेने, हे सगळं एक प्रोग्राम आपल्या मनाने ठरवायचा आणि कुलूपबंद करून ठेवायचा. सगळ्यांचं मोडून झालं, 'खरं' असं ठरलं, जगाला कळवायचा मजकूर तयार झाला, की अगदी शेवटच्या घडीला नसीमाताई कुलूप उघडायच्या. हूल निघाली तर हसायचं आणि पाळीवाल्याने सगळ्यांना चहा-भजी द्यायची. हूल नसली तर मजकूर पाठवायचा. आणि 'खोटं' असं ठरलं तर कुलूप उघडायची घाई नसायची. ते शनिवारी, आठवड्याचा ताळा बघताना उघडायचं.

त्या खेपेला ठिपका मला आला होता, आणि मी गुरुवार निवडला होता. कुलदीपची फजिती करायची म्हणून. तो लग्नाला जाईल आणि त्याच्या खुर्चीत सर बसतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तरीही त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. हूल पकडणं ही शाबासकीचीच गोष्ट. सरांनी पकडली, ताईंनी कुलूप उघडलं, आपण सगळ्यांनी भजी खाल्ली, संपलं. मी मनातल्या मनात हसतही होते. पण तेवढ्यात सर पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "वृंदा, हे शेपूट बघ."

"कुठलं शेपूट?"

"सुळक्याच्या नंतर. रेघ पूर्वीच्या पातळीवर आलेली नाही. किंचित वर आहे. आणि बघ, सारखी नाही ती. वर, खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली." त्यांचं बोट काचेवरून सावकाश चाललं होतं. "फिरतोय तो. स्वतःभोवती फिरतोय आणि दर फेरीला त्याची तापलेली बाजू आपल्याला दिसतेय. हा मॅग्नेटार आहे."

मॅग्नेटार म्हणजे मेलेला तारा. वजन सूर्याएवढं आणि आकार आपल्या पुण्याएवढा, असं सर शाळेतल्या मुलांना सांगायचे. त्याचं चुंबकत्व इतकं भयंकर असतं की त्या ताणाने त्याचं कवच कधीतरी तडकतं, आणि तडकलं की सूर्य वर्षानुवर्षांत टाकणार नाही एवढी शक्ती तो क्षणार्धात फेकतो. डबा बांधला होता तो अशा एका तडकण्यासाठी.

मी बघितलं. मला शेपूट दिसलं नाही. म्हणजे रेघ थोडी हलत होती, पण ती नेहमीच हलते. आणि मुख्य म्हणजे आमच्या हुलीला शेपूट नसायचंच. तो प्रोग्राम साधा होता; नुसता सुळका काढायचा आणि थांबायचा. म्हणजे सर जे बोटाने दाखवत होते ते तिथे असणंच शक्य नव्हतं.

मघापर्यंत जी गंमत होती ती क्षणात उतरली. सरांना नसलेलं दिसत होतं. दोन वर्षं वाट बघून, उद्या डबा बंद होणार या धास्तीने, या माणसाचे डोळे त्याला हवं ते दाखवायला लागले होते. मला त्यांची कीव आली. हे मी स्पष्ट लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या एका भावनेतून झालं. मी प्रेमापोटी वागले असं लोक अजूनही म्हणतात. प्रेम होतंच, पण त्या वेळी पुढे झाली ती कीव.

आणि नेमके तेव्हाच दारात आमचे संचालक उभे राहिले. सोबत समितीचे अध्यक्ष होते. एक दिवस आधीच आलेले, उंच, हसरे, हातात कागदी कपात कॉफी.

"काहीतरी दिसलंय म्हणे," संचालक म्हणाले.

"अजून मोडतोय," सर म्हणाले. पण त्यांना राहवलं नाही. "या ना, बघा. हे शेपूट बघा."

सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगते आहे. अध्यक्ष वाकून बघत होते. सर त्यांना ते वर-खाली दाखवत होते, काचेवर बोट टेकवून. मला दिसलं की अध्यक्षांनाही काही दिसत नाहीये, नुसती सभ्यपणे मान हलते आहे. पुढे काय होणार ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तास संपेल. ताई कुलूप उघडतील. हूल निघेल. आणि ज्या अध्यक्षांच्या हातात डब्याचा जीव आहे, त्यांना कळेल की डब्याचा बाप खोट्या सुळक्याला शेपूट लावून नाचत होता. मग उद्याच्या बैठकीत बोलायला काय उरणार?

"तुमचा तास झाला की सांगा, मी येतोच," अध्यक्ष म्हणाले आणि संचालकांबरोबर निघून गेले.

सर चहा आणायला बाहेर पडले. चहा ते नेहमी स्वतः आणायचे, किटली घेऊन, आमच्यासाठीसुद्धा. मी त्यांच्यामागे गेले. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी त्यांना गाठलं.

"सर, थांबा जरा."

"मोडलंस?" ते हसत वळले. त्यांना वाटलं, मला काहीतरी सापडलं.

"सर, ती माझी आहे."

"काय तुझी?"

"हूल. ठिपका मला आला होता. गुरुवार मी निवडला होता."

किटली त्यांनी खिडकीत ठेवली. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"हे तू मला सांगायला नको होतंस," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे. पण ते अध्यक्ष..."

"नक्की तुझीच?"

खरं तर इथे मला थांबता आलं असतं. दिवस माझा होता एवढंच मला माहीत होतं. क्षण माहीत नव्हता, दिशा माहीत नव्हती. ते सगळं कुलुपात होतं, आणि कुलूप उघडायला सांगणं म्हणजे नियम मोडणं. गंमत बघा, गप्प राहायचा नियम मी बिनदिक्कत मोडला होता आणि कुलुपाचा नियम मोडायची मात्र माझी हिंमत नव्हती.

"नक्की," मी म्हणाले.

"मग ते शेपूट?"

आणि मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ते पहिल्या दिवशी जे सांगायचे तेच. "सर, माणसाला कधीकधी हवं ते दिसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते आधी एकदम गोंधळल्यासारखे दिसले आणि मग थकल्यासारखे. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "हो," ते म्हणाले. "तसं होतं खरं." किटली उचलून ते खाली गेले आणि चहा घेऊन आले. माझा कप त्यांनी स्वतः भरला.

तास संपला तेव्हा अध्यक्ष आले. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मोडलं. माफ करा, तुम्हाला उगाच जिना चढायला लावला."

"कशामुळे मोडलं?"

"मला खात्री वाटत नाही. एवढं पुरे आहे."

नसीमाताईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, चला, अब्रू वाचली.

शुक्रवारी सकाळी मी संस्थेत आले तर नसीमाताई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या कधी कुणाच्या खुर्चीत बसत नाहीत.

"वाचलंस?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

दुसऱ्या एका देशाच्या उपग्रहाने जगाला कळवलं होतं. गुरुवारी, आमच्याच क्षणाला, आमच्याच दिशेने, एका मॅग्नेटारचा छोटा पण अतिशय तीव्र स्फोट. पुढे एक ओळ होती. स्फोटानंतर क्षीण शेपूट दिसते, ताऱ्याच्या फिरण्यानुसार कमीजास्त होणारे.

"पण ताई, गुरुवारची हूल माझी होती."

"कळलं मला. आत्ता कुलूप उघडलं." त्यांचा आवाज बसला होता. "तुझी हूल लागलीच नाही गं. आपल्या नेहमीच्या अँटेनाची दुरुस्ती चालू होती. कालची सगळी माहिती दुसऱ्या केंद्रावरून, दुसऱ्या वाटेनं आली. हूल मिसळणारा प्रोग्राम त्या वाटेवर नाहीच. ती माहिती जशी आभाळातून आली तशी आली, स्वच्छ." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सरांना तू सांगितलंस, होय ना?"

मी मान हलवली.

"अगं, तासभर गप्प बसायचं होतं की. मी कुलूप उघडलं असतं. हूल लागलीच नाही हे तेव्हाच दिसलं असतं. आणि जगात पहिला मजकूर आपला गेला असता."

हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नव्हते, तरी तो मला पुरेपूर बसला. तोंड लपवायला जागा असती तर मी तिथेच लपवलं असतं.

सर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला रडू फुटलं. काय बोलले ते आठवत नाही; आठवतं एवढंच की 'सॉरी' हा शब्द त्या दिवशी मला फार पोकळ वाटला. सरांनी मला रडू दिलं. मग खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला, माझ्या हातात नाही दिला.

"हे बघ," ते म्हणाले, "दुपारी बैठक आहे. डबा अजून हातचा गेलेला नाही. उलट आता तर त्याने काय करून दाखवलंय ते सगळ्या जगाने शाबीत केलंय. मी बोलेन. तू मागे बसायचंस आणि गप्प राहायचंस. एवढं जमेल?"

"जमेल, सर."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. हा शब्द मी दोन दिवसांत त्यांना दुसऱ्यांदा दिला.

बैठक लांबट टेबलाभोवती होती. पाच जणांची समिती, आमचे संचालक, बाकीच्या दोन यंत्रांची माणसं. नसीमाताई आणि मी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. "काल तुम्ही मला जे शेपूट दाखवलंत, ते खरं होतं. मग तुम्ही ते सोडून का दिलंत?"

सर उभे राहिले. घरून ते कोट घालून आले होते. हिवाळ्यात घालतात तो, आणि दिवस उकाड्याचे होते.

"यंत्राने पाहिलं," ते म्हणाले. "मी पाहिलं. आणि मीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही. वय झालं की माणूस बिचकतो. चूक पूर्णपणे माझी आहे, यंत्राची काडीमात्र नाही. महिन्याभरात मी निवृत्त होतोय. तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की डोळा बदला, यंत्र ठेवा."

कुणीतरी हलकंसं हसलं, चांगल्या अर्थाने. अध्यक्षही हसले. त्यांनी शेजारच्या सदस्याकडे बघितलं आणि त्या सदस्याने मान हलवली. मला कळत होतं, डबा वाचतोय. माझ्या डोळ्यांदेखत वाचतोय. आणि तो वाचावा म्हणून ज्या माणसाने आयुष्यात कधी आकडा फुगवून सांगितला नव्हता तो पाच परक्या माणसांसमोर, उकाड्यात कोट घालून, आपण म्हातारे झालो असं खोटं सांगत होता.

ते मला सहन झालं नाही. तेव्हा तरी मला असंच वाटलं, की सरांचा अपमान मला सहन होत नाहीये.

मी उभी राहिले. नसीमाताईंनी माझी ओढणी खाली ओढली. ती मी सोडवून घेतली.

"सरांची चूक नाही," मी म्हणाले. "हूल मी टाकली होती. मला वाटलं तो सुळका माझाच आहे, आणि तास संपायच्या आत मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणून सोडलं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हलकं वाटलं. ते हलकेपण मला अजून आठवतं, आणि सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

अध्यक्ष आता हसत नव्हते.

"म्हणजे हूल टाकणाऱ्याने निकालाआधी पाळीवाल्याला सांगितलं?"

"हो."

"आणि पाळीवाल्याने ते समितीपासून लपवलं." हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग सरांकडे वळून, अगदी सौम्यपणे, "डॉक्टर खांबेटे, दोन वर्षांत तुमच्या यंत्राला काही दिसलं नाही, हे आम्ही तुमच्या शब्दावर मानत आलो. ते का मानलं? तर तुमच्याकडे हूल टाकतात आणि तुमची माणसं ती प्रत्येक वेळी पकडतात म्हणून. या मुलीने काल सांगितलं. याआधी कुणी कुणाला सांगितलंच नसेल, हे मी कशावरून मानू?"

"याआधी कुणीच सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणता म्हणून?"

सर खाली बसले. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून काढली आणि कोट खुर्चीच्या पाठीला लावला. त्यानंतर बैठकीत ते बोलले नाहीत. दोन वर्षांची आमची सगळी मेहनत, हरेक हूल, मोडण्यात घातलेला हरेक तास, माझ्या दोन वाक्यांनी संशयाच्या तोंडी दिला होता. संध्याकाळी निर्णय आला. डबा बंद.

बंद करायचा आदेश पाठवायला पंधरवडा लागला. उपग्रह डोक्यावर आला की काही मिनिटं त्याच्याशी बोलता येतं, त्यातच तो पाठवायचा. पाळी माझी होती. सरांनी ती बदलून घेऊ दिली नाही. उलट सकाळी स्वतः येऊन माझ्या शेजारी बसले, किटली घेऊन. त्या पंधरा दिवसांत ते माझ्याशी नेहमीसारखेच वागले होते. प्रबंधाची दोन प्रकरणं वाचून दिली, कंस आणि स्वल्पविरामांसकट. मला वाटायला लागलं होतं की त्यांनी मला माफ केलं.

"एक विचारू?" चहा ओतता ओतता ते म्हणाले.

"विचारा ना, सर."

"जिन्यात तू मला सांगितलंस. त्याचा मला राग नाही. तुला वाटलं, मी फसतोय. तू मला वाचवायला आलीस. चुकीचं केलंस, पण कळू शकतं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "ते शेपूट मला त्यानंतरही दिसत होतं, बरं का. तू बोललीस म्हणून ते नाहीसं झालं नव्हतं. पण मी म्हटलं, माझा डोळा चुकेल, वृंदा 'नक्की' म्हणते म्हणजे ते नक्कीच असणार."

मला त्यांच्याकडे बघवेना. पडद्यावर उपग्रह येण्याची वेळ जवळ येत होती.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "मला कळत नाही ते दुसरं. बैठकीत मी म्हातारा ठरलो होतो आणि डबा वाचला होता. माझं काही बिघडलं नव्हतं. मी मजेत होतो. मग तू उभी राहिलीस. त्या वेळी तू कुणाला वाचवत होतीस?"

मी तोंड उघडलं. 'तुम्हाला' असं म्हणणार होते. शब्द जिभेवर आलाही होता.

"राहू दे," सर म्हणाले. "उपग्रह आला. आदेश दे."

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून त्यांच्याकडे न बघता मी बटण दाबलं. पडद्यावरची रेघ जराशी थरथरली, खाली गेली आणि तळाला सपाट झाली. सरांनी त्यांचा चहा संपवला, दोन्ही कप उचलले आणि विसळायला घेऊन गेले.